जमाखर्च लिहिणारा शास्त्रज्ञ : ख्रिश्चन डॉप्लर

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. माझे आजोबा घरून बाजारात चालत निघाले की दोन-तीनशे पावलांवर थांबू लागले. डाव्या पोटरीत गोळा यायचा, थोडे उभे राहिले की उतरायचा, पुन्हा चालले की पुन्हा यायचा. चाळीस वर्षे अडत दुकानात दिवाणजी म्हणून कीर्द-खतावणी लिहिलेला माणूस. दुखणे अंगावर काढण्याची जुनी सवय. शेवटी डॉक्टरांनी पायाचा डॉप्लर करून आणायला सांगितले.

मी बरोबर गेले. तपासणाऱ्या बाईंनी पायाला थंडगार जेल लावले, पेनाएवढा दांडा तिरपा टेकवला आणि यंत्रातून सूं-सूं असा आवाज येऊ लागला. बाई कन्नडमध्ये समजावत होत्या. आजोबांना कमी ऐकू येते, म्हणून मी तेच मराठीत मोठ्याने सांगत होते, की हा तुमच्याच रक्ताचा आवाज आहे. उजव्या पायाचा आवाज ठसठशीत होता, डाव्याचा मंद आणि एकसुरी. परतताना आजोबांनी विचारले, हा डॉप्लर कोण? मी वाणिज्य शाखेची. मला सांगता येईना. म्हणून ग्रंथालय गाठले.

ख्रिश्चन डॉप्लर यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ रोजी ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथे झाला. घरचा धंदा पिढीजात पाथरवटाचा. मुलाची प्रकृती तोळामासा, छिन्नी-हातोडा पेलणार नाही हे वडिलांच्या लक्षात आले. स्टांफर नावाच्या गणिताच्या प्राध्यापकांनी मुलाची हुशारी ओळखली आणि त्यांच्या सल्ल्याने १८२२ मध्ये डॉप्लर व्हिएन्नाच्या तंत्रशिक्षण संस्थेत दाखल झाले. पुढे १८२९ मध्ये तेथेच एका प्राध्यापकांचे साहाय्यक झाले. ही नोकरी चार वर्षांच्या मुदतीची होती. मुदत संपली तेव्हा वय तीस आणि हातात काही नाही.

यानंतरची दोन वर्षे मला सर्वांत जवळची वाटतात. जागोजागी अर्ज, आणि जागोजागी वाट पाहणे. पोटासाठी या गणितज्ञाने व्हिएन्नाजवळच्या ब्रुक गावी सूतगिरणीत सुमारे दीड वर्ष हिशेबनीस म्हणून काम केले. वाणिज्य शाखेकडे खर्डेघाशी म्हणून पाहणाऱ्या माझ्या विज्ञान शाखेतील मैत्रिणींनी हे जरूर वाचावे! अखेर कंटाळून त्यांनी अमेरिकेला जायचे ठरवले, सामानसुमान विकले आणि म्यूनिकला जाऊन अमेरिकेच्या वकिलातीत चौकशीही केली. इतक्यात १८३५ मध्ये प्राग येथील शाळेत शिक्षकाची जागा मिळाली आणि ते थांबले. १८३६ मध्ये मथिल्डे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना पाच मुले झाली.

१८४१ मध्ये ते प्रागच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्राध्यापक झाले. २५ मे १८४२ रोजी तेथील विज्ञानसभेत त्यांनी जोडताऱ्यांच्या रंगीत प्रकाशावर निबंध वाचला. टिळकवाडीच्या रेल्वे फाटकाशी उभे राहिलेल्या कोणालाही त्यातले तत्त्व कानाने कळेल. शिट्टी वाजवत गाडी जवळ येते तेव्हा आवाज चढा असतो, पुढे निघून गेली की एकदम उतरतो. येणाऱ्या गाडीच्या लहरी दाटीने कानावर येतात, जाणाऱ्या गाडीच्या विरळ होतात. प्रकाशाचेही तसेच होते, असे डॉप्लर यांनी मांडले. तारा जवळ येत असेल तर प्रकाश निळ्याकडे झुकेल, दूर जात असेल तर तांबड्याकडे.

नियम बरोबर होता, पण ज्या प्रश्नासाठी तो मांडला तेथेच ते चुकले. ताऱ्यांचे रंग या गतीमुळे दिसतात असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात ताऱ्याचा रंग मुख्यतः त्याच्या तापमानावर ठरतो. गतीने पडणारा फरक डोळ्यांना दिसण्याइतका नसतो. १८४५ मध्ये हॉलंडमधील बाइस बॅलट यांनी शंका म्हणून परीक्षा घेतली. उत्रेख्तजवळ आगगाडीवर कर्णेवाले बसवले आणि रुळांकडेला सूर ओळखणारे वादक उभे केले. सूर चढला आणि उतरला! ध्वनीबाबत नियम सिद्ध झाला, ताऱ्यांच्या रंगांबाबतचा आक्षेप मात्र कायम राहिला.

इकडे प्रागमध्ये शेकडो विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेता घेता डॉप्लर यांची प्रकृती ढासळत होती. ते फार कडक परीक्षा घेतात अशी विद्यार्थ्यांनीच तक्रार केली आणि त्यांना वरून समज मिळाली. (या बाबतीत आपण विद्यार्थी सर्व देशांत सारखेच!) १८४७ मध्ये ते शेम्निट्झच्या खाणकाम विद्यालयात गेले, पुढच्याच वर्षी क्रांतीची धामधूम उडाली. १८५० मध्ये व्हिएन्ना विद्यापीठात नव्या भौतिकशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक झाले. वाटाण्यावरच्या प्रयोगांनी पुढे गाजलेले मेंडेल तेथे त्यांचे विद्यार्थी होते. हे सुखही टिकले नाही. १८५२ मध्ये गणितज्ञ पेट्झव्हाल यांनी त्यांच्या तत्त्वावरच हल्ला चढवला. छातीचा विकार बळावला होता. हवापालटासाठी ते व्हेनिसला गेले आणि तेथेच १७ मार्च १८५३ रोजी, अवघ्या ४९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १९५० च्या दशकात, जपानमध्ये सातोमुरा यांनी श्रवणातीत ध्वनीच्या साहाय्याने हृदयाची हालचाल आणि रक्ताचा प्रवाह टिपला. १९६० च्या दशकात अमेरिकेत सिअॅटल येथे पायांच्या रक्तवाहिन्या अशा तपासण्याचे तंत्र वाढले. दांड्यातून सेकंदाला ५० लाख कंपनांचा ध्वनी निघतो असे धरू. रक्त सेकंदाला ५० सेंटीमीटर वेगाने वाहत असेल आणि दांडा ६० अंशांनी तिरपा असेल, तर तांबड्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या ध्वनीत सुमारे १६०० कंपनांचा फरक पडतो. हा फरक आपल्या कानाला ऐकू येतो. तीच ती सूं-सूं. दांडा अगदी काटकोनात धरला तर फरक जवळजवळ उरतच नाही, म्हणून तो तिरपा धरायचा. मग घोट्याजवळ पट्टा फुगवून रक्तदाब घेतात आणि त्याला दंडाच्या रक्तदाबाने भागतात. उत्तर साधारण १ यावे, ०.९ किंवा खाली आले तर रोहिणी अरुंद झाल्याची शंका. आजोबांच्या डाव्या पायाचे उत्तर ०.७ आले.

शस्त्रक्रिया तूर्त लागणार नाही असे डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या, साठ वर्षांची तंबाखू सुटली आणि रोज चालणे सक्तीचे झाले. दुखले की थांबायचे, उतरले की पुन्हा चालायचे. मी बरोबर असते. अशाच एका फेरीत मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. सूतगिरणीतल्या वह्यांचे ऐकून ते थांबले आणि मला वाटले पोटरी दुखली. पण ते हसत होते. म्हणजे तो आमच्यातलाच म्हणायचा, असे काहीसे पुटपुटून ते पुढे निघाले.

डॉप्लर यांचा ताळेबंद त्यांच्या हयातीत जुळला नाही. जुळला तेव्हा त्यातली एक लहानशी रक्कम माझ्या आजोबांच्या खात्यावर जमा झाली, याची नोंद या लेखात करून ठेवते.