डॉ. सालिम अली यांची निरीक्षण-साधना

भारतीय पक्षिशास्त्राचे अध्वर्यू डॉ. सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपल्याने ते खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढले. हाती छऱ्यांची बंदूक होती आणि शिकारीची हौसही होती. तबेल्याच्या भिंतीतील घरट्याजवळ बसणारा चिमणा त्यांनी मारला, तेव्हा थोड्याच वेळात चिमणीपाशी दुसरा नर आला. सात दिवसांत असे आठ नर त्यांनी टिपले. त्या खेळाचे कौतुक आम्हांला करवत नाही. मात्र त्या मुलाने जे पाहिले ते वहीत नोंदविले, आणि त्या नोंदीतच पुढचा संशोधक दडलेला होता. एकदा पिवळ्या गळ्याची चिमणी हाती आली. तिची ओळख पटविण्यासाठी मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत धाडले. तेथे मिलार्ड साहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखविला आणि आयुष्याला दिशा मिळाली.

ती वाट मात्र खडतर होती. विद्यापीठाची पदवी नसल्याने सरकारी संस्थेतील पक्षिशास्त्रज्ञाचे पद त्यांना मिळाले नाही. मुंबईच्या संग्रहालयात काही काळ काम केल्यावर ते बर्लिनला प्रा. श्ट्रेझमान यांच्याकडे शिकून १९३० साली परतले, तो संग्रहालयातील जागाही पैशांअभावी बंद झालेली! पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळील किहीम गावी राहावयास गेले.

बेकारीच्या त्या पावसाळ्यात घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सालिम अली तासन्‌तास ती न्याहाळीत बसले. नर अनेक खोपे अर्धवट विणतात, माद्या येऊन त्यांची पाहणी करतात आणि पसंत पडेल तोच स्वीकारतात. मग नर तो खोपा पूर्ण करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी नवा विणावयास घेतो. शतकानुशतके साऱ्यांच्या डोळ्यांसमोर असलेल्या पाखराचा हा संसार त्यांनी उलगडून दाखविला. त्या लेखाने त्यांना अभ्यासकांत मान्यता मिळवून दिली.

१९३९ साली तेहमिना निवर्तल्या. ते दुःख उरी बाळगून त्यांनी कामालाच वाहून घेतले. १९४१ साली आलेल्या त्यांच्या सचित्र पुस्तकाने सामान्य वाचकाला अंगणातील पाखरे नावानिशी ओळखावयास शिकविले. डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी पक्षिविषयक दहा खंड सिद्ध केले. १९७६ साली पद्मविभूषण लाभले. १९८७ साली त्यांचे निधन झाले.

पदवी नाही, नोकरी नाही, अशा दिवसांत या माणसाजवळ उरले होते ते डोळे, वही आणि धीर. आपल्या वसतिगृहांतून शिकून गेलेल्या आणि आज शिकत असलेल्या मुलामुलींना या चरित्रातून आम्ही एवढेच सांगू इच्छितो, की ज्ञानाचा आरंभ दाराशी येणाऱ्या चिमणी-साळुंकीपासूनही होतो. तिला हुसकावू नका, स्वस्थ बसून पाहा आणि जे दिसेल तेच लिहा.