आकाशगंगेची खरखर ऐकणारा कार्ल जान्स्की

न्यूयॉर्कहून लंडनला रेडिओलहरींवरून टेलिफोन करण्याची सोय १९२७ साली झाली. तीन मिनिटांच्या बोलण्याला ७५ डॉलर मोजावे लागत आणि तरीही कानावर अनेकदा खरखरच येई. ही खरखर येते कुठून, हे शोधण्याचे काम बेल प्रयोगशाळेने कार्ल जान्स्की या तरुणावर सोपवले. त्या शोधाची वाट पुढे आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवरापर्यंत गेली.

जान्स्कीचा जन्म २२ ऑक्टोबर १९०५ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमामध्ये झाला. वडील अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. कार्लने विस्कॉन्सिन विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली. तो आइस हॉकीही चांगली खेळे. मात्र ऐन तारुण्यात त्याला मूत्रपिंडाचा जुनाट विकार जडला. त्यामुळे १९२८ साली त्याला नोकरीवर घ्यावे की नाही, याबद्दल बेलचे अधिकारी साशंक होते. थोरल्या भावाच्या ओळखीमुळे ती अडचण दूर झाली. प्रकृतीला मानवेल म्हणून त्याला न्यूयॉर्कच्या धकाधकीऐवजी न्यू जर्सीतील निवांत केंद्रावर पाठवण्यात आले.

तिथे होल्मडेल येथे त्याने लाकूड आणि पितळी नळ्यांचा सुमारे ३० मीटर लांबीचा अँटेना उभारला. फोर्ड मोटारीच्या चाकांवर बसवलेला हा सांगाडा २० मिनिटांत एक फेरी पूर्ण करी, त्यामुळे आवाज कोणत्या दिशेने येतो ते कळे. नोंदींमधून खरखरीचे तीन प्रकार दिसले. पहिली जवळच्या वादळी विजांची, दुसरी दूरच्या विजांची. तिसरी अगदी मंद, पण सतत चालणारी होती. तिचे मूळ सापडेना.

सुरुवातीला जान्स्कीचा संशय सूर्यावर होता. पण महिने लोटले तसे आवाजाची दिशा सूर्यापासून सरकत गेली. आवाज दररोज सुमारे चार मिनिटे आधी त्याच जागी येत होता, म्हणजे त्याचा फेरा २४ तासांचा नसून २३ तास ५६ मिनिटांचा होता. तारे आकाशात पुन्हा त्याच जागी यायला नेमका एवढाच वेळ घेतात. याचा अर्थ उघड होता: आवाजाचा उगम सूर्यमालेच्या बाहेर, ताऱ्यांच्या जगात होता. तो सर्वांत ठळकपणे येत होता धनू राशीच्या दिशेने, जिथे आकाशगंगेचे केंद्र आहे. १९३३ च्या मे महिन्यात ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर छापून आली. जान्स्की तेव्हा अवघा २७ वर्षांचा होता.

पण पुढे फारसे काही घडले नाही. कंपनीला हवे होते ते उत्तर मिळाले होते. ही खरखर थांबवणे कुणाच्याच हाती नव्हते, म्हणून जान्स्कीला दुसऱ्या कामांवर नेमले गेले. खगोलशास्त्रज्ञांना रेडिओचे तंत्र अपरिचित होते आणि महामंदीत नव्या उपकरणांसाठी पैसा नव्हता. ग्रोट रेबर या हौशी अभियंत्याने मात्र १९३७ साली स्वखर्चाने घराच्या परसात रेडिओ दुर्बीण बांधली आणि जान्स्कीचा शोध खरा ठरवला.

दरम्यान आजार पाठ सोडत नव्हता. मूत्रपिंडे निकामी होऊ लागली की रक्तदाब वाढतो आणि त्याचा भार हृदयावर पडतो. जुनाट रुग्णांसाठी नियमित डायलिसिस १९६० नंतर सुरू झाले, तर मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९५४ साली झाले. जान्स्कीपर्यंत यातले काहीच पोहोचले नाही. १४ फेब्रुवारी १९५० रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी हृदयविकाराने त्याचे निधन झाले.

त्याने ऐकलेली खरखर प्रत्यक्ष कृष्णविवराची नव्हती. आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांपासून ती निघत होती. पण त्याच दिशेला, सुमारे २६ ते २७ हजार प्रकाशवर्षे अंतरावर, १९७४ साली रेडिओलहरींचा एक अतिशय लहान आणि तेजस्वी स्रोत सापडला. त्याला सॅजिटेरियस ए-स्टार म्हणतात. त्याच्याभोवती प्रचंड वेगाने फिरणाऱ्या ताऱ्यांच्या कक्षा वर्षानुवर्षे मोजल्यावर तिथे सूर्याच्या ४० लाख पटींहून अधिक वस्तुमान एकवटल्याचे सिद्ध झाले. या कामासाठी राइनहार्ड गेंझेल आणि आंद्रेया गेझ यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. मे २०२२ मध्ये या कृष्णविवराची प्रतिमाही जगापुढे आली. तीही रेडिओ दुर्बिणींनीच टिपलेली होती.

आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरींची तीव्रता आज ज्या एककात मोजतात, त्याचे नाव जान्स्की आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींतही दूरच्या दीर्घिकांपुढे आकडे लिहिले जातात ते याच एककात.