ताराबाई मोडक : मंदिरापासून अंगणापर्यंत

प्रस्तावना

मराठी चरित्रवाङ्मयाचा अभ्यास करताना राजकारणी, संत, सेनानी आणि साहित्यिक यांची चरित्रे आपण प्राधान्याने वाचतो. तीन-चार वर्षांच्या मुलासमोर मातीचा गोळा ठेवणाऱ्या व्यक्तीचे चरित्र अभ्यासक्रमात सहसा येत नाही. ताराबाई मोडक (1892–1973) यांच्या जीवनाचा परिचय या घटकात करून द्यावयाचा आहे, तो काही अंशी ही उणीव भरून काढण्यासाठी.

दुसरे कारण भाषेचे आहे. बालमंदिर, शिशुविहार, बालवाडी, अंगणवाडी, कुरणशाळा हे पाच शब्द आज आपण एकमेकांचे जवळचे शब्द म्हणून वापरतो. ताराबाईंच्या चरित्राच्या प्रकाशात ते क्रमाने ठेवले, तर त्यांतून एका विचाराचा प्रवास दिसू लागतो. मुलाचे शिक्षण मंदिरात सुरू झाले, विहारात आले, वाडीत उतरले, अंगणात जाऊन बसले आणि शेवटी गुरांच्या मागे कुरणातही गेले. या प्रवासातील प्रत्येक पाऊल मुलाच्या घराकडे जाणारे होते. प्रस्तुत घटकाची मांडणी याच सूत्राने केली आहे.

घडण

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईतील प्रार्थनासमाजी घरांत मुलींचे शिक्षण ही वादाची बाब उरली नव्हती, याचा लाभ ताराबाईंना मिळाला. 1914 साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पदवी मिळविली. मराठी घरांतील पदवीधर स्त्रिया त्या काळी बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

विवाहानंतर त्या अमरावतीस गेल्या. पती कृष्णराव मोडक वकील होते. हा संसार टिकला नाही. चरित्रलेखनात अशा ठिकाणी तर्काला मोकळे रान मिळते. आपण तसे करू नये. येथे एवढेच नोंदवावे की, विभक्त झालेल्या एका शिकलेल्या स्त्रीला 1920च्या सुमारास स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागले आणि त्यासाठी ती महाराष्ट्राबाहेर राजकोटला गेली. तेथील बार्टन स्त्री-अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांना मिळाले. पगार, मान, स्थैर्य हे सारे त्या पदात होते. थोड्याच वर्षांत त्यांनी ते सोडले.

भावनगर : बालमंदिर

सोडण्याचे कारण भावनगर. नानाभाई भट्ट यांच्या श्रीदक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी 1920 साली बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. आपल्या मुलाला कसे वाढवावे या घरगुती प्रश्नातून ते मारिया माँटेसरीच्या ग्रंथांकडे वळले आणि वकिली सोडून शिक्षक झाले. भारतातील एका मोठ्या बालशिक्षण-चळवळीचा आरंभ एका बापाच्या घरातील काळजीतून झाला, ही गोष्ट आजच्या पालकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

माँटेसरी यांनी 1907 साली रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले होते. लहान मूल ऐकून कमी आणि हाताळून अधिक शिकते, हे त्यांचे मूळ निरीक्षण. त्यातून दट्ट्यांच्या पेट्या, लहानमोठ्या ठोकळ्यांचा मनोरा, खरखरीत कागदाची अक्षरे अशी साधने तयार झाली. अक्षर डोळ्यांनी पाहण्यापूर्वी बोटांनी गिरवावयाचे, संख्या तोंडाने म्हणण्यापूर्वी हातात धरावयाची. पाणी ओतणे, बटण लावणे, झाडणे, पुसणे हे घरातील रोजचे व्यवहारही त्या पद्धतीत शिक्षणाचा भाग होते.

ताराबाई या पद्धतीत मुरल्या त्या भावनगरलाच. त्यांनी गुजराती आत्मसात केली, गिजुभाईंच्या बरोबरीने लेखन केले. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि ‘शिक्षणपत्रिका’ हे त्याचे मुखपत्र बनले. गुजरातीतील या पत्रिकेची मराठी आवृत्ती पुढे ताराबाईंनी चालविली. या पत्रिकेचा वाचक शिक्षकाइतकाच पालकही होता, हे तिचे वैशिष्ट्य होय. ‘बालकांचा हट्ट’ आणि ‘बिचारी बालके’ ही त्यांच्या पुस्तकांची नावे पाहा. मोठी माणसे ज्याला हट्ट म्हणून हिणवतात, त्याकडे मुलाच्या बाजूने पाहावे, हा रोख त्या नावांतच आहे. मराठीत मुलांना उद्देशून लिहिण्याची परंपरा त्यापूर्वीही होती. मुलांविषयी मोठ्यांना शहाणे करणारे गद्य मात्र विरळ होते. ताराबाईंचे वाङ्मयीन स्थान शोधावयाचे तर ते येथे आहे, असे माझे मत आहे.

‘बालमंदिर’ या शब्दाकडे क्षणभर वळू. मंदिर म्हणजे मूळ संस्कृतात घर. देवालय हा अर्थ मागाहून प्रबळ झाला. गिजुभाईंच्या प्रयोगात दोन्ही अर्थच्छटा जाग्या होत्या. मूल पूजनीय मानले गेले, आणि त्याला मारहाण व धाक नसलेले एक घर मिळाले. मंदिराला गाभारा असतो, शिस्त असते, आणि उंबरठाही असतो. तो उंबरठा कोण ओलांडू शकत होते, हा प्रश्न पुढे ताराबाईंना पडला.

दादर : शिशुविहार

1936 साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार उभारले. भावनगरचा अनुभव त्यांनी मराठी मध्यमवर्गाच्या दारी आणला. संस्था नावारूपाला आली, बालशिक्षकांच्या अध्यापनाची सोय झाली. 1939 साली गिजुभाईंचे निधन झाले आणि चळवळीचा भार ताराबाईंवर आला.

त्याच सुमारास दोन घटना घडल्या. 1937 साली वर्धा येथे महात्मा गांधींनी हस्तोद्योगावर आधारलेल्या शिक्षणाची योजना मांडली. 1939 साली माँटेसरी स्वतः भारतात आल्या व महायुद्धामुळे अनेक वर्षे येथेच राहिल्या. या दोन विचारांत हात हा समान धागा आहे. भेद आहे तो हातात काय द्यावे याविषयी. माँटेसरींच्या साधनांत मापांची काटेकोर अचूकता होती आणि त्यामुळे ती महाग होती. गांधींच्या योजनेत टकळी होती, मातीही होती. पण ती योजना शाळेच्या वयाच्या मुलांसाठी होती. अडीच ते सहा वर्षांच्या, खेड्यातल्या, गरीब मुलाच्या हातात काय ठेवावे, याचे तयार उत्तर कोणाकडेही नव्हते. दादरला राहून ते सापडणार नव्हते.

बोर्डी : वाडी आणि अंगण

1945 साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई बोर्डीला गेल्या. डहाणू तालुक्यातील हे समुद्रकाठचे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते; आज ते पालघर जिल्ह्यात आहे. तेथे नूतन बालशिक्षण संघाचे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. याच ठिकाणी अनुताई वाघ (1910–1992) त्यांच्याबरोबर कामाला लागल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या आणि जिद्दीने शिकलेल्या अनुताईंनी पुढे हे काम आयुष्यभर वाहिले. गुरू-शिष्येच्या जोड्या मराठी समाजाला अपरिचित नाहीत. परंतु दोन स्त्रियांची, तीही शास्त्रीय प्रयोगासाठी जुळलेली अशी जोडी दुर्मीळ होती.

बालवाडी उघडली. ‘वाडी’ हा शब्द संस्कृत ‘वाटिका’पासून आला आहे. मराठीत त्याचे दोन अर्थ नांदतात : झाडांची वाडी आणि माणसांची लहान वस्ती. फ्रोबेलने जर्मनीत 1840 साली आपल्या संस्थेला मुलांची बाग असे नाव दिले होते. त्याचा अर्थ मराठीत आणताना ‘बालोद्यान’ असा भारदस्त शब्दही सहज होऊ शकला असता. ‘बालवाडी’ने बाग राखली आणि वस्तीही जोडून घेतली. नुसत्या भाषांतराने जे साधत नाही, ते येथे साधले आहे.

तरीही अडचण उरली. गावातील दलित वस्तीतील मुले बालवाडीत येत ना. बालवाडीला शुल्क नव्हते, दारावर कोणी अडवीत नव्हते. पण न दिसणारा उंबरठा होता. अंतर होते, घरच्यांचा संकोच होता, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणारी पाच वर्षांची बहीण होती. अशा वेळी बहुतेक संस्था पालकांच्या अज्ञानाला दोष देतात आणि हजेरीपट मिटवतात. ताराबाई-अनुताईंनी दिशा उलटी केली. मूल येत नसेल तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जावे, असे ठरले. ठरावीक वेळी शिक्षिका वस्तीत जाई, एखादे अंगण झाडून घेई आणि तेथेच काम सुरू होई. हीच अंगणातली बालवाडी. ‘अंगणवाडी’ हा शब्द या प्रयोगातून रूढ झाला.

अंगणात बसल्यावर साधनांचा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला. पेट्या आणि मनोरे तेथे नेणे शक्य नव्हते, आणि अंगण रिकामेही नव्हते. शंख, शिंपले, चिंचोके, बिया, पाने, खडे, माती, वाळू, पाणी यांतून रंग, आकार, वजन, स्पर्श, संख्या या साऱ्यांची ओळख करून देता येते. बिया निवडून वेगळ्या करणे हे वर्गीकरण. पाने लहानापासून मोठ्यापर्यंत मांडणे हा क्रम. एका भांड्यातील पाणी न सांडता दुसऱ्यात ओतणे ही बोटांची आणि लक्षाची तालीम. ओल्या वाळूत बोटाने रेघ ओढणारे मूल खरखरीत कागदावरील अक्षरच गिरवीत असते. हात-तोंड धुणे, नखे कापणे, केस विंचरणे यांनाही या दिनक्रमात धड्याचा मान होता.

ताराबाईंनी स्वस्त पर्याय शोधला, असे सामान्यतः म्हटले जाते. मला ते अपुरे वाटते. स्वस्ताईपेक्षा मोठा लाभ नावांचा आहे. दट्ट्याच्या पेटीला मुलाच्या घरी नाव नव्हते. चिंचोक्याला होते. हातातील वस्तूचे नाव आईच्या बोलीत आधीच असते, तेव्हा शिक्षण मुलाच्या भाषेवर चढून बसत नाही. ते तिच्यातूनच पुढे जाते. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला अंगणवाडीचे महत्त्व या ठिकाणी अधिक जाणवते.

कोसबाड : कुरण

1957 साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाईंनी तेव्हा पासष्टी गाठली होती. वारली वस्तीचा हा प्रदेश. वारली बोलीत मराठी, कोकणी, गुजराती आणि भिली यांच्याशी नाते सांगणारी वैशिष्ट्ये आढळतात. पाठ्यपुस्तकातील मराठी त्या मुलांना जवळजवळ परकीच. येथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका ठिकाणी जोडून ‘विकासवाडी’ आकाराला आली. भावंड सांभाळणारी मुलगी भावंडासह येऊ शकली, कारण तान्ह्याची सोय शेजारीच होती. आणि गुरे राखणारी मुले? ती दिवसभर कुरणात असत. म्हणून शाळा कुरणात गेली, तीच कुरणशाळा. गुरे चरत असताना झाडाखाली शिकणे, अशी तिची कल्पना.

येथे एक शंका प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मुलाच्या श्रमाला सोयीची शाळा काढणे म्हणजे त्या श्रमाला मान्यता देणे नव्हे काय? हा आक्षेप हलका नाही. मात्र गुरे राखणे थांबेपर्यंत शिक्षण थांबवून ठेवले असते, तर त्या पिढीच्या हाती काहीच लागले नसते. दोन अन्यायांपैकी जो आपल्या हातून कमी होऊ शकत होता, तो ताराबाईंनी कमी केला, असे मी मानतो.

1962 साली त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील 33 प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या गावपातळीवरील केंद्राला ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. एक मराठी शब्द हिंदीसह अनेक भारतीय भाषांच्या व्यवहारात पोहोचला. या योजनेने पोषण, लसीकरण आणि आरोग्य यांत मोठे काम केले आहे. पण शब्दाचा एक घटक वाटेत पुसट झाला : अंगणवाडीला खोली मिळाली, नोंदवह्या मिळाल्या, आणि अंगण नावापुरते उरले. सेविकेच्या माथ्यावरील कामांची यादी पाहता याचा दोष तिला देता येत नाही.

आपल्या परिसरातून पाहताना

हा घटक आखाडा बाळापूर येथे बसून लिहिला जात आहे. ज्या वर्षी बोर्डीत बालवाडी उघडली, त्या वर्षी हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि वरच्या वर्गांतील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. घरची बोली एक आणि शाळेची भाषा दुसरी, हे दुखणे येथील जुन्या पिढीने वारल्यांइतकेच सोसले आहे. आज हिंगोली जिल्ह्यात हळद काढणीचे दिवस आले की बाया रानात असतात आणि लहान लेकरे बांधावर, झाडाखाली. कुरणशाळेचा प्रश्न त्यामुळे आपल्याला पुस्तकी वाटण्याचे कारण नाही.

दुसऱ्या टोकाला, मुलाला घरीच शिकवू इच्छिणारे सुशिक्षित पालक आहेत. 2020च्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्यावर हा विचार अनेक घरांत शिरला. बाजारात त्यासाठी प्लॅस्टिकचे संच मिळतात. पोळ्याच्या आधी चिखलाचे बैल करणारे आपले पोर, त्यांना शिंगे जुळवताना, चारही पाय सारखे करताना, ओल्या मातीचा आणि सुकलेल्या मातीचा फरक बोटांनी जोखताना जे शिकते, ते या संचांत कितपत येते, हे पालकांनी एकदा ताडून पाहावे. ज्वारी पाखडताना सुपाजवळ बसलेल्या मुलाला खडे निवडावयास द्यावे. त्याला घाई करू नये, आणि काम त्याच्या हातातून काढून घेऊन स्वतः पुरे करू नये. ताराबाईंच्या पद्धतीतील सर्वांत अवघड भाग हाच होता. साहित्य कोणालाही जमवता येते. मूल चुकत असताना हात मागे घेऊन बसणे मोठ्यांना जमत नाही.

उपक्रम

आपल्या घराच्या किंवा शेजारच्या अंगणात तीन ते सहा वर्षांची मुले ज्या वस्तूंशी खेळतात, अशा वीस वस्तूंची यादी करा. प्रत्येक वस्तूचे घरात बोलले जाणारे नाव लिहा आणि शक्य असल्यास त्यापुढे प्रमाण मराठीतील नाव लिहा. ज्या वस्तूंना प्रमाण मराठीत नाव सापडत नाही, त्या वेगळ्या काढा. त्या वस्तूंनी मूल नेमके काय करते याचे निरीक्षण दोन आठवडे रोज दहा मिनिटे, मुलाला काहीही न सुचवता, नोंदवा. नोंदी संपर्कसत्राच्या वेळी सोबत आणाव्यात.