बेडकाचा किस्सा वहीत टिपला आणि मार्क ट्वेनचं नाव देशभर झालं

भारी आयडिया नेमकी अंघोळ करताना सुचते आणि मोबाईल हातात येईपर्यंत डोक्यातून गेलेली असते. लिहिणाऱ्या प्रत्येकाचं हे दुखणं आहे. दीडशे वर्षांपूर्वी मार्क ट्वेननं यावर साधा उपाय केला होता. खिशात वही.

मार्क ट्वेन म्हणजे टॉम सॉयर आणि हकलबरी फिन ही पोरं ज्यानं घडवली तो अमेरिकन लेखक. खरं नाव सॅम्युएल क्लेमेन्स, जन्म १८३५ चा. वडील लवकर गेले आणि पोरगं छापखान्यात कामाला लागलं.

१८५७ मध्ये तो मिसिसिपी नदीवर आगबोट चालवायला शिकू लागला. नदीची वळणं, उथळ जागा, काठावरच्या खुणा, सगळं पाठ लागायचं. याला काहीच आठवेना. तेव्हा त्याचे उस्ताद होरेस बिक्सबी यांनी त्याला वही करायला लावली. वही भरली, पण माहिती वहीतच राहिली, डोक्यात काही उतरली नाही. नुसतं टिपून भागत नाही, हे तो तिथंच शिकला.

१८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं आणि नदीवरचं काम थांबलं. मग चांदीच्या खाणीत नशीब आजमावलं, तिथंही जमलं नाही. पुढं पत्रकार झाला, तर १८६४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या पेपरमधली नोकरी गेली.

त्या हिवाळ्यात तो कॅलिफोर्नियातल्या खाणींच्या भागात जाऊन राहिला. एंजल्स कॅम्प नावाच्या गावात पावसामुळं अडकून पडला असताना गप्पांत एक किस्सा कानावर आला. उड्या मारण्यात पटाईत बेडूक, त्याच्यावर लागलेली पैज आणि समोरच्यानं गुपचूप बेडकाच्या पोटात भरलेले बंदुकीचे छर्रे. बेडूक जागचा हलेना!

खाणकामगारांसाठी हा किस्सा जुनाच होता. ट्वेननं मात्र तो वहीत टिपला. अख्खी गोष्ट नाही, फक्त पैज आणि लबाडी, चार ओळींत. काही महिन्यांनी त्याची कथा केली. १८ नोव्हेंबर १८६५ ला ती न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकात आली, मग इतर पेपरांनी उचलली आणि तिशीच्या आतला हा पत्रकार देशभर गाजला.

वहीची सवय पुढंही सुटली नाही. प्रत्येक पानाला बाहेर आलेला कान असलेली वही त्यानं बनवून घेतली. पान भरलं की कान फाडायचा, म्हणजे पुढचं कोरं पान लगेच सापडतं. कात्रणं चिकटवायला आधीच डिंक लावलेल्या पानांची वहीही काढली आणि १८७३ मध्ये तिचं पेटंट घेतलं.

हकलबरी फिन लिहायला त्यानं १८७६ मध्ये घेतलं, पण मध्येच गाडी अडली. कागद बाजूला ठेवले. १८८२ मध्ये तो परत मिसिसिपीवर गेला, पुन्हा नोंदी केल्या. पुढच्या वर्षी कादंबरी पूर्ण झाली.

१९१० मध्ये ट्वेन गेला. मागं जवळपास ५० वह्या राहिल्या. त्यातल्या कित्येक नोंदींचं पुढं काहीच झालं नाही. बेडकाच्या चार ओळींचं मात्र झालं.