खंजिरीवरचा राष्ट्रसंत

आम्हां इंदूरकरांचे कान दरबारी गवयांच्या ताना ऐकून तयार झालेले. माझे आजोळ मात्र सौंसरचे. सुटीत तेथे गेलो की रात्री भजनी मंडळींची खंजिरी कानी पडे, आणि याला गाणे कसे म्हणावे, असे मला वाटे. हा अहंकार उतरावयास बरीच वर्षे लागली. ती भजने तुकडोजी महाराजांची होती.

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे, गरीब घरात झाला. मूळ नाव माणिक. शाळा जेमतेम तिसरीपर्यंत. वरखेडच्या आडकोजी महाराजांना त्यांनी गुरू मानले. तुकड्या हे नाव त्या गुरूंचेच. पुढे सालबर्डी व रामटेकच्या रानांत त्यांनी साधना केली. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापिला. १९३६ साली सेवाग्रामी गांधीजींच्या सहवासात राहिले.

खंजिरी म्हणजे चामड्याने मढवलेले, एका हातात मावणारे वाद्य. त्याला ना तंबोरा लागे, ना मैफल. एखाद्या पारावर महाराज ते वाजवू लागले की गाव गोळा होई. व्यसन, अस्पृश्यता, अज्ञान यांवर ते भजनातूनच प्रहार करीत. १९४२ च्या चळवळीत चिमूर-आष्टी पेटली, तेव्हा त्यांनाही अटक झाली. नागपूर व रायपूरचे तुरुंग त्यांनी पाहिले. साध्या भजनाचीही सरकारला धास्ती वाटावी, यातच त्या आवाजाचे बळ दिसते.

१९५५ साली ते जपानला विश्वधर्म परिषदेस गेले. त्याच सुमारास त्यांची एकेचाळीस अध्यायांची ग्रामगीता लोकांपुढे आली. डॉ. राजेंद्रप्रसादांनी त्यांना राष्ट्रसंत म्हणून गौरविले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीस ते निवर्तले.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला. पांढुर्णा-सौंसर मध्यप्रदेशात राहिले. घरात मराठी, कचेरीत हिंदी, अशी तेथील माणसांची रीत झाली. महाराजांनी दोन्ही भाषांत भजने रचली होती. त्यामुळे आजोबा मराठी पद म्हणत आणि हिंदी शाळेतला नातू हिंदी पद म्हणे, खंजिरी तीच. सीमा आखणाऱ्यांना जे सांधता आले नाही, ते या तिसरी शिकलेल्या माणसाने सांधले. आता पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आहे, २०२३ पासून. सौंसरही त्यातच आहे. मैफलीतली तान मला आजही प्रिय आहे. पण आजोळ आठवले की आधी कानी येते ती खंजिरीच.