हँडलपासून सुटका करणारा केटरिंग

नांदेड-लातूरच्या लग्नसराईत फुलांनी सजवलेली जुनी अँबेसेडर किंवा जीप तुम्ही पाहिली असेलच. चावी फिरवली की इंजिन सुरू! पण शंभरेक वर्षांपूर्वी एवढ्यासाठी गाडीसमोर उभं राहून लोखंडी हँडल मारावं लागायचं. इंजिनाने उलटा झटका दिला, की मनगट मोडलंच समजा. यातून सुटका करणारा माणूस म्हणजे चार्ल्स केटरिंग.

जन्म 1876 चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, शेतकऱ्याच्या घरी. नजर अधू. डोळ्यांमुळे कॉलेज मध्येच सुटलं आणि हा गडी टेलिफोनच्या लाइनवर कामाला लागला. पण इंजिनिअरिंगचा नाद काही सुटला नाही. पदवी हातात पडली 1904 मध्ये, वयाच्या 28 व्या वर्षी. एटीकेटीने खचलेल्यांनो, नोंद घ्या!

पुढे तो दुकानांतल्या गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत लागला. हाताच्या दांड्याऐवजी त्याने गल्ला छोट्या मोटरवर चालवला. मोटर क्षणभरच चालवायची असेल तर ती एरवीपेक्षा कितीतरी जास्त जोर लावते, हे त्याने हेरलं. गाडीच्या इंजिनाला तरी जोर किती वेळ लागतो? काही सेकंद! 1912 च्या कॅडिलॅकमध्ये त्याचा सेल्फ स्टार्टर बसला. इंजिन सुरू झालं की तीच मोटर डायनॅमो व्हायची आणि खर्चलेली वीज बॅटरीत परत भरायची.

म्हणूनच जुनी गाडी ‘सेल्फ’ घेत नसेल, तर लगेच नव्या बॅटरीला पैसे घालू नका. स्टार्टरला गेलेली वीज गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परतते. अर्थिंगची पट्टी गंजली किंवा तिच्याखाली रंग राहिला, की परतीची वाट अडते. दिवे लागतात, पण स्टार्टरला शेकडो अँपिअर लागतात. तो नुसता ‘टक्’ करतो. चार्जिंगही अपुरं पडतं. पट्टी सोडवून लख्ख घासा, घट्ट आवळा. काम करताना बॅटरीची अर्थची वायर आधी काढा, शेवटी लावा.

केटरिंग 1958 मध्ये गेला. त्याच्या खात्यात एक काळी नोंदही आहे. 1921 मध्ये त्याच्याच प्रयोगशाळेत पेट्रोलमध्ये शिसं मिसळण्याची युक्ती सापडली. 1924 मध्ये ते बनवणारे कामगार विषबाधेने दगावले, विक्री काही काळ थांबली, पण पुन्हा सुरू झाली. आपल्याकडे असं पेट्रोल देशभरातून हटलं ते थेट 2000 मध्ये. बॅटरीतली वीज त्याने परत भरून दिली. हवेत गेलेलं शिसं मात्र कुणालाच परत घेता आलं नाही. उद्या तुम्ही काही नवं बनवाल, तेव्हा दोन्ही केटरिंग आठवा.