कै. लीलाबाई राव-दयाळ : विंबल्डनवर सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला

आमचे घोडेगाव नेवासे तालुक्यातील. ज्या पैस खांबाला टेकून श्रीज्ञानेश्वर माउलींनी गीतार्थ सांगितला, तो खांब याच तालुक्यात आहे. त्या माउलींचे चरित्र विसाव्या शतकात संस्कृत पद्यात रचणाऱ्या पंडिता क्षमाबाई राव यांचे नाव काही वाचकांच्या कानी असेल. परंतु त्यांच्या कन्या लीलाबाई यांनी टेनिसच्या क्रीडांगणावर देशाचे नाव उज्ज्वल केले, हे फार थोड्यांस ठाऊक आहे. हे घराणे आपल्या ज्ञातीचे नव्हे. तथापि गुणाला ज्ञातीचे कुंपण नसते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत हे चरित्र सभासद कुटुंबांपुढे ठेवीत आहोत.

क्षमाबाईंचे वडील शंकर पांडुरंग पंडित हे गाढे वेदाभ्यासक. तुकोबांच्या गाथेच्या संपादनातही त्यांचा हात होता. १८९४ साली ते निवर्तले, तेव्हा १८९० साली जन्मलेल्या क्षमाबाई अगदी लहान होत्या. पुढे मुंबईचे प्रसिद्ध डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. संसार सांभाळून त्यांनी संस्कृतचा व्यासंग केला. सत्याग्रहावरील त्यांचे काव्य १९३२ साली पॅरिस येथे प्रसिद्ध झाले. विशेष हे की, या विदुषी टेनिसही उत्तम खेळत. १९२७ साली मुंबई इलाख्याच्या स्पर्धेत महिला एकेरीचे अजिंक्यपद त्यांनी मिळविले. त्या वेळी त्यांचे वय सदतीसच्या घरात होते आणि घरात पंधरा वर्षांची मुलगी होती.

तीच लीला. जन्म १९ डिसेंबर १९११. आईच मैदानात उतरलेली, तेथे मुलीला कोण अडविणार? १९३१ साली लीलाबाईंनी अखिल भारतीय स्पर्धेत महिला एकेरीचे अजिंक्यपद पटकाविले आणि पुढेही ते अनेकदा राखले. १९३४ साली त्या इंग्लंडातील विंबल्डनच्या स्पर्धेत उतरल्या. देश पारतंत्र्यात, प्रवास बोटीचा, मैदान परक्या हिरवळीचे. अशा स्थितीत बावीस वर्षांच्या या मुलीने पहिल्या फेरीत ग्लॅडिस साउथवेल या इंग्लिश खेळाडूस हरविले. विंबल्डनवर सामना जिंकणारी ही पहिली भारतीय महिला होय. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा अदामॉफ हिच्याकडून त्या पराभूत झाल्या. १९३५ साली त्या पुन्हा गेल्या. तेव्हा एव्हलिन डिअरमन हिने त्यांना पहिल्याच फेरीत हरविले. यशाबरोबर अपयशही सांगितले पाहिजे. एकदा जिंकून घरी बसल्या नाहीत, यातच त्यांचे मोठेपण आहे.

तरुण वाचकांनी ध्यानी घ्यावे की, त्या काळी विंबल्डनवर केवळ हौशी खेळाडूंनाच प्रवेश असे. धंदेवाईक खेळाडूंना ते दार १९६८ साली उघडले. तोवर विजेत्यास मान मिळे, धन नव्हे. म्हणजे लीलाबाईंचा सारा खटाटोप निव्वळ खेळाच्या प्रेमापोटी होता. अर्थात घरची सुबत्ता पाठीशी होती, हेही खरे.

१९४३ साली सनदी सेवेतील हरीश्वर दयाळ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीच्या राजदूतपदामुळे त्यांचे नेपाळातही वास्तव्य घडले. तेथेच १९६४ साली श्री. दयाळ यांचे निधन झाले. लीलाबाईंनी भारतीय नृत्यावर ग्रंथ लिहिले, तसेच मातेच्या कथांवरून संस्कृत नाटके रचली. आईकडून घेतलेले ऋण त्यांनी मैदानावर फेडले, तसे लेखणीनेही फेडले.

पुढे २००५ साली सानिया मिर्झा हिने त्याच विंबल्डनवर एकेरीचा सामना जिंकला, तेव्हा घरोघरी कौतुक झाले. ते योग्यच. परंतु आपल्या घरातील मुलीचे काय? शिक्षकी पेशात असताना मुलीचे नाव क्रीडास्पर्धेतून कमी करावे, अशी चिठ्ठी घेऊन येणारे पालक आम्ही पुष्कळ पाहिले. मुलगी मोठी झाली, एवढेच कारण असे. आम्हीही वाद न घालता नाव खोडीत असू. त्यांतील एका धावपटू मुलीचा उतरलेला चेहरा आज उतारवयातही आमच्या डोळ्यांपुढे येतो. तो दोष आमचा, हे येथे नमूद करतो.

प्रत्येक घरी डॉक्टर राव यांची सुबत्ता नसेल. पण कबड्डी, खो-खो आणि धावणे यांस पैसा लागत नाही. लागते ती आईची संमती आणि वडिलांची पाठीवर थाप. मंडळाच्या गुणगौरव समारंभात गुणपत्रिकांबरोबर मुलींच्या क्रीडापदकांचाही सत्कार व्हावा, अशी आमची नम्र सूचना आहे. तसे झाले तर लीलाबाईंचे हे स्मरण सार्थकी लागेल.